कोल्हापूरचें बंदर आणि गादे



कोल्हापूरला एके काळीं समुद्र होता, असें म्हटलें तर खुद्द कोल्हापुरकरालाही क्षणभर हसूं येईल. कोल्हापूर म्हणतांच अंबाबाईचें देऊळ आठवतें, रंकाळा आठवतो, तालमी, गूळ आणि वहाणा आठवतात. पंचगंगेपलीकडे पाण्याशीं या नगरीचा कांहीं संबंध असेल, हें कोणाच्या ध्यानींमनींही येत नाहीं. मध्यें सह्याद्रीची भिंत उभी. फोंड्याचा घाट उतरावा, कणकवली मागें टाकावी, तेव्हां कोठें दीडशेंएक किलोमीटरांवर खाऱ्या पाण्याचें दर्शन व्हावयाचें. तरीसुद्धां अठराव्या शतकाचा बहुतेक सारा काळ आणि एकोणिसाव्या शतकाचीं पहिलीं बारा वर्षें मालवणचें बंदर करवीरच्या छत्रपतींचें होतें. सिंधुदुर्गावर कोल्हापूरचें निशाण होतें, बंदराच्या जकातीवर कोल्हापूरचा हक्क होता, आणि इंग्रजांनीं ज्यांना ‘मालवान’ या नांवानें बदनाम करून ठेविलें ते दर्यावर्दी कोल्हापूरचेच चाकर होते.

या बंदराचा इतिहास किल्ल्यांचा, तहांचा आणि तोफांचा म्हणून पुष्कळ वेळां सांगितला गेला आहे. आज मी तो थोड्या निराळ्या अंगानें सांगणार आहें. त्या बंदरांत माणसांच्या आधीं कोण राहत होतें, माणसांची वर्दळ वाढल्यावर त्यांचें काय झालें, आणि आज त्यांची व माणसांची गांठ कोठें व कशी पडते, हा माझा विषय आहे. सिंधुदुर्गास जाणारे सगळे जण तटाकडे पाहतात. मला आपलें लक्ष तटाखालच्या पाण्याकडे वेधावयाचें आहे.

परदेशांतील बंदरांचीं वर्णनें ज्यांनीं वाचलीं असतील त्यांना सील हा प्राणी ऐकून ठाऊक असेल. आयर्लंड, स्कॉटलंड किंवा दक्षिण आफ्रिका येथील मासळीच्या बंदरांत हे प्राणी धक्क्याशेजारीं डोकें वर काढून, होडींतून कांहीं पडतें काय म्हणून वाट पाहत राहतात. अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को शहरीं १९८९ सालच्या अखेरीस सीलांचे चुलतभाऊ म्हणावे असे समुद्रसिंह एका गोदींतील तरंगत्या फळ्यांवर येऊन बसूं लागले. थोड्याच महिन्यांत त्यांची संख्या शेंकड्यांवर गेली. नौकांच्या मालकांनीं तक्रारी केल्या, आणि शेवटीं जागा सोडली ती नौकांनींच! आपल्या समुद्रांत मात्र सीलांची वस्ती नाहीं. थंड पाण्यावर वाढलेला तो प्राणी. २०१९ सालीं दक्षिण ध्रुवाकडला एक हत्ती-सील वाट चुकून श्रीलंकेच्या किनाऱ्याला लागला, तेव्हां त्याची केवढी तरी वार्ता झाली.

परंतु प्राचीन ग्रीक भाषेंत सीलाला ‘फोके’ म्हणत, आणि त्याच शब्दाच्या नात्यांतलें ‘फोकैना’ हें नांव त्यांनीं एका लहानशा, पाण्यांत राहून हवा घेणाऱ्या दुसऱ्या प्राण्याला दिलें. या फोकैनाचा एक भाऊबंद आपल्या घरचाच आहे. रत्नागिरी-मालवणकडील कोळी त्याला भुलगा म्हणतात. शास्त्रज्ञांनीं त्याला ‘निओफोसीना फोसीनॉइडीस’ असें जें लांबलचक नांव दिलें आहे, त्यांत तो ग्रीक शब्द एकदां सोडून दोनदां आलेला आहे. म्हणजे सील आमच्या बंदरांत आला नाहीं, तरी त्याचें नांव या वाटेनें येऊन पोंचलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

भुलगा हा मोठा संकोची प्राणी. लांबी सुमारें दीड मीटर. डोकें वाटोळें, चोंच नाहीं, आणि पाठीवर परही नाहीं. पराच्या जागीं बारीक बारीक फोडांची एक खरखरीत रेघ तेवढी असते. तो उड्या मारीत नाहीं, होडीजवळ येत नाहीं. पाणी अगदीं संथ असलें आणि आपली नजर त्याच ठिकाणीं असली तर एक काळसर पाठ क्षणभर वर येते, एक हलकासा फुत्कार ऐकूं येतो, आणि सारें पुन्हा जसेंच्या तसें.

गादा त्यापेक्षां धीट. यालाच इंग्रजी पुस्तकांतून पाठीला कुबड असलेला डॉल्फिन म्हणतात. लांबी अडीच मीटरांच्या घरांत जाते. तोंडाला लांबट चोंच, पाठीवर कुबडासारखा उंचवटा आणि त्या उंचवट्यावर लहानसा पर. रंग शिशासारखा. तीनचार, कधीं आठदहा गादे मिळून किनाऱ्याच्या बाजूनें रांगेनें जातांना दिसतात.

हे दोन्ही प्राणी मासे नव्हत, हें सुशिक्षित श्रोत्यांस सांगावयास नकोच. पण त्याचा परिणाम काय होतो हें मात्र सांगितलें पाहिजे. त्यांना हवेसाठीं वर यावेंच लागतें. मादीला एका वेळीं एकच पिलूं होतें, तें वर्षभराच्या आसपास पोटांत वाढतें, मग पुष्कळ दिवस दुधावर राहतें, आणि दुसरें पिलूं होण्यास मध्यें कांहीं वर्षें जातात. पेडवे मासळी एका वर्षीं कमी झाली तर दुसऱ्या वर्षीं भरून येऊं शकते. गाद्याचें तसें नाहीं. त्याच्या कळपांतून दोन माद्या गेल्या तर ती तूट एका पिढींत भरत नाहीं.

आणि या दोघांची आवड कशाची? उथळ पाण्याची. पंचवीस मीटरांपलीकडच्या खोल दर्याशीं गाद्याला फारसें कर्तव्य नसतें. खाड्यांचीं मुखें, जेथें नदीच्या गाळाबरोबर मासळीचे थवे येतात, खडकांच्या आडोशानें लाटा मोडतात, तीं याचीं चरण्याचीं रानें. मालवणच्या उत्तरेस कोळंबची खाडी, दक्षिणेस देवबागजवळ कर्लीचें मुख, मध्यें पाण्याखालीं दडलेले खडकांचे पट्टे. गाद्यानें आपल्यासाठीं जागा शोधावयाची म्हटली असती तर याहून चांगली त्याला मिळती ना.

नेमकी हीच जागा शिवछत्रपतींच्या नजरेंत भरली. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं कुरटे नांवाच्या खडकाळ बेटावर सिंधुदुर्गाच्या कामास प्रारंभ झाला आणि तीनएक वर्षांत किल्ला उभा राहिला. बेट सुमारें अठ्ठेचाळीस एकरांचें. त्याभोंवतीं तीन किलोमीटरांच्या आसपास लांबीचा नागमोडी तट. बांधकामावर हिरोजी इंदुलकर होते. पायाच्या चिऱ्यांत शिसें ओतलें, असें परंपरा सांगते. त्याच्या सोबतीला जवळच पद्मगड, किनाऱ्यावर राजकोट आणि कोळंबच्या खाडीच्या मुखाशीं सर्जेकोट. ज्या खडकांमुळें लाट मोडून गाद्याला शांत पाणी मिळत असे, त्याच खडकांमुळें परक्या जहाजाला आंत शिरण्याची चोरी झाली. वाट माहीत असलेला नाखवा बरोबर असल्यावांचून त्या पाण्यांत शिरणें म्हणजे तारूं फोडून घेणेंच. बंदर ही मनुष्यानें निर्माण केलेली वस्तु आहे असें आपण समजतों. पुष्कळ वेळां तें दुसऱ्या कोणाचें तरी फार जुनें घर असतें, एवढेंच येथें ध्यानांत घ्यावयाचें.

ताराबाईंनीं सुमारें १७१० सालीं पन्हाळा-कोल्हापुरास निराळी गादी स्थापन केली. पुढें १७१४ मध्यें ती गादी दुसऱ्या संभाजीकडे आली, आणि १७३१ सालीं सातारच्या शाहू छत्रपतींशीं वारणेचा तह होऊन कोल्हापूरचें स्वतंत्र राज्य पक्कें झालें. घाटावर या राज्याच्या चहूंकडे बलाढ्य शेजारी होते. समुद्रावर त्यास मालवणची एक खिडकी होती, आणि ती त्यानें जिवापाड सांभाळली. सावंतवाडीकर भोंसल्यांशीं किनाऱ्यावरच्या ठाण्यांसाठीं कित्येक वर्षें झटापटी चालल्या. गलबतांवर गाबीत आणि भंडारी खलाशी असत. गाबीत हे मालवणकडचे पिढीजात दर्यावर्दी. मासेमारी आणि लढाई या दोन गोष्टी त्यांच्या घरांत कधीं फारशा निराळ्या मानल्या गेल्या नसाव्यात.

इंग्रज या लोकांना चांचे म्हणत. या शब्दाविषयीं एवढेंच सांगतों कीं, पोर्तुगीजांनीं आपला परवाना घेतल्याशिवाय या समुद्रांत कोणी फिरूं नये असा दंडक दोनशें वर्षें चालविला, त्याला इतिहासांत ‘आरमारी सत्ता’ म्हणतात. तोच दंडक मराठ्यांनीं दस्तकांच्या रूपानें चालविला तेव्हां ती चांचेगिरी झाली. कोल्हापूरच्या गलबतांनीं व्यापारी जहाजें लुटलीं नाहींत असें मी म्हणत नाहीं. लुटलीं, आणि सढळ हातानें लुटलीं. परंतु त्या काळीं त्या पाण्यावर निर्दोष असा एक गादाच होता.

१७६५ सालीं मुंबईकर इंग्रजांनीं आरमार पाठवून सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचें नांव ‘फोर्ट ऑगस्टस’ असें ठेविलें. कोल्हापुरास त्या वेळीं राज्यकारभार जिजाबाईंच्या हातीं होता. या बाईंची कर्तबगारी मोठी आणि दराराही मोठा. किल्ला राखण्याचा खर्च इंग्रजांना परवडेना. पैशांचा करार होऊन १७६६ सालीं किल्ला कोल्हापुरास परत मिळाला, आणि ऑगस्टस हें नांव ज्या वाऱ्यानें आलें होतें त्याच वाऱ्यानें गेलें. १७९२ च्या तहानें इंग्रजांस मालवणांत वखार घालण्याची परवानगी मिळाली. वखार आली कीं मागोमाग काय येतें हें हिंदुस्थानास तोंवर पुरतें ठाऊक झालें होतें. १ ऑक्टोबर १८१२ रोजीं झालेल्या तहानें मालवणचें बंदर, सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट हीं सारीं ठाणीं कोल्हापूरकरांना कंपनी सरकारच्या हवालीं करावीं लागलीं. लढाऊ गलबतें बाळगण्याचा अधिकारही त्याबरोबर गेला. त्याच वर्षीं सावंतवाडीकडून वेंगुर्लें गेलें. कोल्हापूरचा समुद्र तेव्हांपासून संपला.

येथें एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. जुन्या काळीं हें बंदर वर्षांतून दोनअडीच महिने बंदच असे. मृगाच्या सुमारास गलबतें किनाऱ्यावर ओढून झांपांखालीं ठेवीत आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून पुन्हा पाण्यांत लोटीत. तोंवर जकात नाहीं, दस्तक नाहीं, लढाई नाहीं. म्हणजे दर वर्षाचे दोनअडीच महिने त्या पाण्यावर ना छत्रपतींचा अंमल ना कंपनीचा. त्या महिन्यांत तेथें वस्ती असे ती गाद्यांची आणि भुलग्यांची.

तह होऊन सतरा वर्षें झालीं आणि १८२९ सालीं, मालवणपासून हजारों कोस दूर पॅरिस शहरीं, या दोन्ही प्राण्यांची शास्त्राच्या दप्तरीं प्रथम नोंद झाली. जॉर्ज क्युव्हिए हा त्या काळचा प्राणिशास्त्रांतील सर्वांत वजनदार पंडित. त्याच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथाची दुसरी आवृत्ति त्या वर्षीं निघाली, तींत हे दोघेही आहेत. गाद्याचें वर्णन ज्या नमुन्यावरून झालें तो मलबार किनाऱ्याचा. तो मिळविणारा द्युस्युमिए हा फ्रेंच व्यापारी हिंदुस्थान आणि चीनच्या समुद्रांत जहाज घेऊन वारंवार येई, आणि मालाबरोबर मासे, पक्षी, प्राणी जमवून पॅरिसच्या संग्रहालयास देई. क्युव्हिएनें रंगावरून या प्राण्याला लॅटिन नांव दिलें, त्याचा अर्थ ‘शिशाचा’ असा आहे. शिसें ओतून रचलेल्या पायाखालीं शिशाच्या रंगाचा प्राणी, हा योगायोग खरोखर गमतीचा म्हटला पाहिजे. भुलग्याची कवटी मात्र आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाकडून आल्याचें क्युव्हिएनें लिहिलें. तिकडे हा प्राणी आढळतच नाहीं. कवटी आपल्याच पश्चिम किनाऱ्याची असावी असें पुढच्या पंडितांनीं ठरविलें. आमच्या भुलग्याला जगाची ओळख झाली ती अशी, परक्या गांवच्या पत्त्यानें!

पुढें जर्डन यानें १८६७ सालीं हिंदुस्थानांतील सस्तन प्राण्यांवर ग्रंथ लिहिला, ब्लॅनफर्डचा ग्रंथ १८८८ ते १८९१ या वर्षांत आला, आणि या प्राण्यांची माहिती हळूहळू वाढत गेली. ओवेन नांवाच्या इंग्रज पंडितानें १८६६ सालीं विशाखापट्टणच्या एका डॉल्फिनाला तेथल्या कोळ्यांच्या तोंडचें ‘गदामु’ हें नांव तसेंच ठेविलें. आपल्या ‘गादा’ शब्दाशीं त्याचें साम्य कोणाच्याही कानांत भरेल. परंतु तेवढ्यावरून व्युत्पत्तीचा इमला बांधण्याचा मोह मी टाळतों. सांगावयाचें तें एवढेंच कीं, पंडितांना जें एकोणिसाव्या शतकांत समजलें त्याला नांव देण्याचें काम किनाऱ्यावरच्या निरक्षर माणसांनीं कधींच उरकलें होतें.

इकडे कोल्हापुरास १८९१ सालीं मिरजेहून आगगाडी आली. मालाचा ओघ मुंबईकडे वळला, घाटाखालच्या बंदरांची ओढ कमी झाली. मीठ आणि सुकी मासळी घाट चढून येत राहिली, पण तो बाजाराचा संबंध, राज्याचा नव्हे. राजाराम महाराजांच्या वेळीं सिंधुदुर्गावर उभारलेल्या शिवराजेश्वराच्या मंदिराशीं करवीर दरबारानें आपलें नातें राखलें, आणि त्या देवळापुरतें तरी कोल्हापूर समुद्राला विसरलें नाहीं. बाकी सर्व बाबतींत तें विसरलें. दोनतीन पिढ्यांत कोल्हापूरच्या मुलांना पन्हाळा माहीत आणि सिंधुदुर्ग सहलीचें ठिकाण, अशी स्थिति झाली.

मालवणच्या पाण्यांत मात्र याहून मोठा पालट व्हावयाचा होता, आणि तो कोणत्याही तहानें झाला नाहीं. तो जाळ्यानें झाला.

मालवणची जुनी मासेमारी रापणीची. लांबच लांब जाळें होडीनें समुद्रांत अर्धवर्तुळाकार टाकून यावयाचें, आणि मग दोन्ही टोंकें वाळूवर धरून पन्नासपाऊणशें माणसांनीं तें ओढावयाचें. मिळालेली मासळी ओढणाऱ्यांत ठरल्या हिश्शानें वांटावयाची. जाळीं सुताची व तागाची असत. जाड, जड आणि ओलीं झालीं कीं आणखी जड. अशा जाळ्यांत चुकून गादा सांपडला तरी तो वर येऊन श्वास घेऊं शकतो, आणि वाळूशीं येईपर्यंत जिवंत असतो. त्याला सोडतां येतें. स्वातंत्र्यानंतरच्या दोनतीन दशकांत नायलॉनचा धागा आला, होड्यांना इंजिनें आलीं, आणि पाण्यांत पडद्यासारखीं उभीं सोडून ठेवावयाचीं बारीक धाग्याचीं जाळीं सर्वत्र झालीं. हलकीं, टिकाऊ, पाण्यांत दिसेनाशीं होणारीं. कोळ्याचे कष्ट त्यानें कमी झाले, हें विसरूं नये. सुताचें जाळें दर खेपेस वाळविण्याची यातायात ज्यांनीं केली नाहीं त्यांनीं जुन्या जाळ्यांचे गोडवे गाऊं नयेत.

पण गाद्याला आणि भुलग्याला हें जाळें घातक ठरलें, आणि त्याचें कारण फार सूक्ष्म आहे. हे प्राणी गढूळ पाण्यांत डोळ्यांपेक्षां कानांवर अधिक विसंबतात. आपल्या डोक्यांतून ते अतिशय तीव्र कंपांचे टिकटिकाट पाठवितात, आणि समोरच्या वस्तूवरून परतलेल्या प्रतिध्वनीवरून ती काय आहे, किती लांब आहे हें ओळखतात. मनुष्याचा कान सेकंदाला फार तर वीस हजार कंपांपर्यंत ऐकूं शकतो. भुलग्याचा आवाज लाखाच्या वर असतो. या क्षणीं माझा आवाज आपल्यापर्यंत पोंचतो आहे तो जशा लहरींवर स्वार होऊन, आणि त्या लहरी आपल्या खोलींत भरलेल्या असूनही यंत्रावांचून आपल्याला जाणवत नाहींत, तसेंच कांहींसें हें समजा. मालवणचा समुद्र अशा बोलण्यानें भरलेला आहे, आणि होडींतल्या माणसाला तें ऐकूं येत नाहीं. आतां, खडकावरून प्रतिध्वनि चांगला येतो, माशावरूनही येतो. बारीक नायलॉनच्या धाग्यावरून तो इतका क्षीण येतो कीं जाळें आहे हें प्राण्याला फार उशिरां कळतें. अडकला कीं वर येतां येत नाहीं, आणि वर येतां आलें नाहीं कीं कांहीं मिनिटांचाच प्रश्न असतो. पाण्यांत जन्मलेला प्राणी पाण्यांत बुडून मरतो!

याची दुसरी बाजू आहे, ती मालवणच्या धक्क्यावर मला ऐकावयास मिळाली. किल्ल्याकडे जाणाऱ्या होडींत बसलों होतों. वल्ह्यावरचे म्हातारेबुवा एकाएकीं थांबले आणि उजवीकडे बोट करून म्हणाले, “तो बघा, गादो इलो.” तीन शिशाच्या पाठी एकामागून एक वर आल्या आणि गेल्या. होडींतल्या मंडळींना मोठा हर्ष झाला. मी म्हातारबुवांना विचारलें, “काका, तुम्हांला तर रोज दिसत असतील. बरें वाटतें ना?” ते हंसले. म्हणाले, “तुमकां बरां वाटतां. रात्री जाळ्यांत मासो लागलो काय ह्योच पयलो जेवता, आणि जाळ्याक भोंक पाडून जाता. मगे तां शिवूक आमीच.” एवढें सांगून ते पुन्हा वल्हें मारूं लागले. त्या स्वरांत राग नव्हता. शेजाऱ्याच्या गुरानें परड्यांत तोंड घातलें म्हणजे जसें बोलतात तसें तें बोलणें होतें.

शहरांत राहून या प्राण्यांवर प्रेम करणें स्वस्त आहे. फाटलेल्या जाळ्याची किंमत त्या प्रेमांत धरलेली नसते. मालवणचे मच्छीमार गाद्याचे वैरी आहेत असें चित्र कोणी रंगविलें तर तें मला मान्य नाहीं. त्यांच्या तोंडचा घांस खरोखर काढला तो गाद्यानें नव्हे. मोठ्या यांत्रिक नौका पर्ससीन जाळें टाकून पेडव्यांचा आणि बांगड्यांचा थवाच्या थवा एका फेऱ्यांत उचलूं लागल्या, तेव्हां रापणकरांची वाळू ओस पडूं लागली. त्यावरून मालवणांत किती संघर्ष झाले हें वृत्तपत्रें वाचणाऱ्यांना आठवत असेल. महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. तो थवा नाहींसा झाला म्हणजे गाद्याचेंही जेवण नाहींसें होतें, आणि मग तो माणसाच्या जाळ्याकडे अधिक वळतो. दोघे भुकेले एकाच ताटावर येतात, आणि भांडण त्या दोघांत लागतें. ताट रिकामें करणारा तिसराच असतो.

सरकारचें लक्ष या पाण्याकडे गेलें नाहीं असें नाहीं. १३ एप्रिल १९८७ रोजीं मालवणचें सागरी अभयारण्य जाहीर झालें. त्याचें क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग आणि पद्मगड यांभोंवतालचें पाणी त्याच्या गाभ्यांत येतें. कागदावर रेघ ओढतांना त्या रेघेच्या आंत पोट भरणाऱ्यांना विश्वासांत घेतलें गेलें नाहीं, असें मच्छीमारांचें गाऱ्हाणें पुष्कळ वर्षें राहिलें. गेल्या दशकांत तरुण अभ्यासकांनीं होड्या घेऊन या किनाऱ्यावर गाद्यांची व भुलग्यांची पाहणी सुरू केली आणि विशेष म्हणजे मच्छीमारांनाच प्रश्न विचारून माहिती गोळा केली. २०१५ सालीं देवगडच्या बाजूस कुणकेश्वरासमोरच्या समुद्रांत अशाच पाहणींत निळे देवमासे जिवंत दृष्टीस पडले. जगांतला सर्वांत मोठा प्राणी, आणि तो कुणकेश्वराच्या देवळासमोर!

तारकर्ली-देवबागकडे आतां गादे दाखविणाऱ्या होड्यांचा धंदा चांगला जमला आहे. ज्याच्यामुळें जाळें फाटत असे त्याच्यामुळें आतां चार पैसे मिळतात, ही गोष्ट वाईट नाहीं. मात्र एका कळपाच्या मागें दहा इंजिनांच्या होड्या धांवतात, तेव्हां त्या पाण्याखालीं, जेथें सारा व्यवहार कानांवर चालतो, तेथें काय गोंगाट होत असेल याची कल्पना करावी. आपणांपैकीं जे सुटींत तिकडे जातील त्यांनीं नावाड्याला “काका, इंजिन बंद करा आणि जरा थांबा” असें सांगून पाहावें. धावणाऱ्या होडीपेक्षां थांबलेल्या होडीतून गादा अधिक वेळ दिसतो.

शेवटची हकीकत २०१८ सालची. त्या वर्षाच्या अखेरीस महाराष्ट्र सरकारच्या वनखात्यानें एक योजना सुरू केली. जाळ्यांत कासव, देवमुशी, गादा, भुलगा असा संरक्षित प्राणी सांपडला आणि मच्छीमारानें आपलें जाळें कापून त्याला जिवंत सोडलें, तर जाळ्याच्या नुकसानीबद्दल पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून प्राणी सोडतांनाचें छायाचित्र किंवा चलच्चित्र द्यावें लागतें. तें बहुधा होडींतला मुलगा आपल्या हातांतल्या टेलिफोनवर काढतो. पुढल्या दोनतीन वर्षांतच राज्याच्या किनाऱ्यावर दोनशेंहून अधिक प्राणी अशा रीतीनें सोडले गेले. ज्या बंदरांत कोल्हापूरचा, आणि पुढें कंपनीचा, कारकून बसून येणाऱ्या प्रत्येक गलबताकडून जकात वसूल करीत असे, त्या बंदरांतला मच्छीमार आतां कापलेल्या जाळ्याचा तुकडा आणि एक चित्र घेऊन सरकारी कचेरीची पायरी चढतो, आणि पाण्यांत परत गेलेल्या गाद्याच्या नांवावर खजिन्यांतून पैसे मागतो.